वांगी शिजली कुठं?

सकाळीच तफीदाच्या अंगणात डब्यावरून पुन्हा ठिणगी पडली.

तफीदा म्हशीपुढं बरसीम टाकत होती आणि कान घराकडं लावून होती. ऊसतोडीचे दिवस होते. कालव्यावरचं धुकं अजून हललं नव्हतं, आणि अंगणातल्या ओल्या मातीचा गारठा अनवाणी तळव्यांतून वर चढत होता. घरात दोन सुना आणि दोघींच्या मांडीवर तान्ही लेकरं. थोरली रौहिया उंबऱ्यात बसून आपल्या लेकीला पाजत होती. धाकटी इन्शिराह चुलीपाशी उभी राहून बाटलीत पांढरी भुकटी टाकत होती.

“हलव, चांगली हलव,” रौहिया म्हणाली. “भिंतीला लावायची असंल तर जरा पातळ कर.”

“जाऊबाई, मी तुम्हाला काही बोलले का?”

“आई जित्ती असून पोराला डबा चोखाय लागतोय, म्हून बोलले. माझ्या तिन्ही पोरी ह्याच अंगावर वाढल्या. ह्याला झाकण लागत न्हाई का चमचा लागत न्हाई.”

“तुमच्याकडं कालवा वाहतोय. माझी विहीर आटली. आता काय करू? पोराला तुमचं बोलणं पाजू?”

“आटली का आटवली?” हा प्रश्न गोठ्यातून आला. तफीदा विळा हातात घेऊनच पुढं आली होती. “म्हस पान्हा चोरती तवा मला तिच्या डोळ्यांत दिसतं. बाईच्या डोळ्यांत दिसंना झालंय.”

इन्शिराहनं बाटलीचा थेंब मनगटावर टाकून बघितला आणि पोराला उचललं. पोराचं नाव शहात. शहात म्हणजे भिकारी. गावात पहिल्या मुलाला असलंच नाव ठेवतात, म्हणजे दुष्ट नजर म्हणते, भिकाऱ्याकडं काय बघायचं, आणि पुढं जाते. पण हा भिकारी खरंच भिकाऱ्यासारखा दिसायला लागला होता. मान बारीक, पाय काटक्या, आणि रडणं असं की पिंजऱ्यातली कबुतरंही बिचकावीत.

इन्शिराह बंदराची, म्हणजे तालुक्याच्या गावची. तिचा नवरा बखीत आखातात इमारतीवर कामाला. बाळंतपणानंतर तिला ताप भरला आणि दूध आलं ते जेमतेम. तफीदानं मेथीचं पाणी पाजलं, तिळाचा हलवा खाऊ घातला, कबुतराचा रस्सा दिला. काही फळ नाही. मग इन्शिराहच्या आईनं तालुक्याहून डबे पाठवले. झाकणावर गुबगुबीत पोराचं चित्र. तफीदानं पहिला डबा हुंगला, बोटानं भुकटी चाखली आणि थुंकून टाकली.

“ज्या गाईचं दूध प्यायचं तिची शिंगं तरी दिसली पायजेत,” ती म्हणाली होती. “ही कुण्या मुलखातली, कुणी दोहली, कुणी वाळवली, कुणाला ठावं!”

एवढ्यावर ती गप्प बसली होती. आज मात्र तिनं विळा कुडाला अडकवला आणि निकाल दिला.

“आजपासनं डबा बंद. शहात रौहियाच्या अंगावर. तिला दोघांना पुरंल एवढं हाय. आन् तू, पोरी, म्हैनाभर माहेरी जा. खा, पी, अंगात रगत भर आन् मग ये.”

रौहियाचा हात लेकीच्या डोक्यावर तसाच थांबला. तिनं सासूकडं पाहिलं, मग इन्शिराहच्या काखेतल्या पोराकडं पाहिलं. एकदाच. पण ते बघणं इन्शिराहनं टिपलं.

गावात म्हणतात, पोर जिच्या पोटी आलं तिचं अर्धं, आणि जिचं दूध प्यालं तिचं अर्धं. रौहियाला तीन मुली. तिचा नवरा हसनैन काही बोलायचा नाही, पण मुलगा नाही म्हणून पाणवठ्यावरच्या बाया तिला हाक मारताना ‘अमक्याची आई’ म्हणायला जीभ जड करायच्या. इन्शिराहच्या तोंडचा रंग उडाला. महिनाभरानं परत आल्यावर पोर कुणाकडं हात पसरील, हे तिला तिथल्या तिथं दिसलं असावं.

“जाऊबाई पाजणार?” ती म्हणाली. “त्यांनीच तर आटवलं माझं दूध.”

“काय म्हणालीस?”

“मी ताज्या बाळंतपणात होते. जाऊबाई शेतातून आल्या त्या टोपलीसकट खोलीत शिरल्या. टोपलीत वांगी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.”

त्या गावात ह्याला मुशाहरा म्हणतात. बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवसांच्या आत कुणी वांगी घेऊन शिरलं, कच्चं मांस घेऊन शिरलं, मयतीवरून थेट आलं, की दूध गेलंच म्हणून समजा. वांग्याचा काळा रंग पान्ह्यावर बसतो म्हणतात. म्हणून जमलं तर बाळंतिणीच्या दाराशी कुणीतरी म्हातारी बसवतात आणि ती येणाऱ्याची टोपली उघडून बघते. आणि जिच्यामुळं मुशाहरा झाला, तिच्या मांडीवर तेच पोर कुणी देत नाही. कोण देईल?

“खोटं!” रौहिया ओरडली. पोरीच्या तोंडातून स्तन सुटला आणि तिनंही गळा काढला. “माझ्या टोपलीत मुळं व्हतं, मुळं! अम्मा, ही डोळं उघडं ठिवून खोटं बोलतीया!”

“मी कशाला खोटं बोलू? अल्ला बघतोय.”

“त्येलाच बघू दे मग!”

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. शेजारची सत्तूता भाकरीचं पीठ उन्हात ठेवून, ते फुगायच्या आत, चौकशीला आली. तिला चहा लागत नसे, नुसती बातमी पुरे. सुईण उम्म नईमही आली. तिनं इन्शिराहला तपासलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि उपाय सांगितला. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची बांग झाली की रौहियानं वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन दाराशी यावं. इन्शिराहनं आतून बाहेर येऊन तिला सामोरं जावं, टोपली खाली ठेवायला लावून ती ओलांडावी आणि मग तिच्या आधी घरात पाऊल टाकावं. जसं बांधलं गेलं तसंच सुटतं.

“आन् न्हाई सुटलं तर?” तफीदानं विचारलं.

“तर डबा हायच की,” सुईण म्हणाली. “दुसरी कोण पाजणार? जिनं आटवलं ती?”

तफीदाचं डोकं भणभणलं. पोर रौहियाला द्यायची तिची योजना तशी तिच्या मनात सगळी तोलून झाली होती. रौहियाच्या पोरींचा तो दूधभाऊ होणार, म्हणजे घरातल्या घरात, चुलत भावंडांची सोयरीक होणार नाही. असू दे, पोर वाचलं तर सोयरीक. आता एका वांग्यानं सगळं उधळलं.

त्या दिवशी तिनं तंदूर पेटवला, शेणी लावल्या, पण मन जाळावर नव्हतं. वांगी. रौहिया टोपलीभर वांगी घेऊन आली असं धरू. मग? रौहिया कोथिंबिरीची काडीसुद्धा टाकत नाही. वांगी घरात आली तर ती तळली गेली, भाजली गेली, लोणच्यात गेली, कुठंतरी गेली. तफीदानं बोटं दुमडली. इन्शिराह बाळंतीण झाली त्या आठवड्यात घरात काय काय शिजलं, ते तिनं एकेक करून आठवलं. बाळंतिणीसाठी बदक. मग पावट्याच्या डाळीचं घट्ट वरण, मग मुळा आणि जुनं चीज, मग भेंडी. मुळा! मुळ्याच्या वासानं हसनैननं नाक मुरडलं होतं, ‘रोज मुळा का’ म्हणून.

घरात वांगी आली तर ती शिजली कुठं?

मग इन्शिराह खोटं का बोलली? तफीदानं लाकडी फावड्यावरची भाकरी तंदुरात सरकवली आणि तिला उत्तर सापडलं. पोरीनं हे आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा सांगितलं, जेव्हा पोर हातून जायची वेळ आली.

“अगं बया,” तफीदा जाळाला म्हणाली. “तू बंदराची न्हवं, आमच्यातलीच निघालीस की.”

पण ती गप्प राहिली. तिला अजून डब्याचा संशय होता, आणि तो संशय फुकटचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी इन्शिराह बाटली घासत असताना तफीदा तिच्यापाशी जाऊन बसली. म्हातारीनं उगीच कधी कुणापाशी बसायची रीत नव्हती, त्यामुळं पोरगी सावध झाली.

“माझं पयलं पोरगं डब्यावर गेलं,” तफीदा म्हणाली. “बखीत न्हाई, हसनैन न्हाई. त्यांच्या आदुगरचं. लढाईची सालं व्हती. माझं दूध दुसऱ्या म्हैन्यात गेलं. दवाखान्यातनं डबं वाटलं. गोरंपान पोर व्हतं. जुलाब लागलं ते थांबलंच न्हाईत. सांजंला पेटलेल्या दिव्यागत दिसायचं, सकाळी निम्मं. म्हून म्हणते, डबा घरात नगं.”

इन्शिराहचा हात थांबला. “अम्मा,” ती हळूच म्हणाली, “त्यात पाणी कुठलं घालत होता?”

“पानी? कालव्याचं. दुसरं कुठलं असणार? तवा नळ कुटं व्हता?”

“आणि उकळून?”

तफीदाची नजर समोर चुलीवरच्या किटलीवर गेली. इन्शिराहनं किटलीखाली एक काटकी सरकवली, पाण्याला उकळी येऊ दिली, आणि ती उकळी ओसरेपर्यंत दोघी बसून राहिल्या. त्या कालव्यात म्हशी बसायच्या. भांडी तिथंच घासली जायची. मेलेलं गाढवसुद्धा कुणीतरी तिथंच ढकलायचं. एवढी वर्षं तफीदानं डब्याला शिव्या दिल्या होत्या. डबा बिचारा गप्प बसला होता.

“मला कुनी सांगितलं न्हाई,” ती शेवटी म्हणाली.

“कुणाला सांगायचं होतं का कुणास ठाऊक,” इन्शिराह म्हणाली.

शुक्रवार आला. अंगणात बायांची ही गर्दी. बाप्ये नमाजाला गेलेले. सत्तूता तर भल्या सकाळपासून भिंतीला टेकून होती, जणू तिच्याच घरचं लग्न. सगळ्यांना एकच उत्सुकता, रौहिया येते का. कारण टोपली डोक्यावर घेऊन आली म्हणजे गुन्हा कबूल झाला. हसनैननं आदल्या दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, तू खरी असशील तर हलू नको.

बांग सुरू झाली आणि रौहिया फाटकातून आत आली. काळी चादर, डोक्यावर टोपली, टोपलीत चकाकणारी वांगी.

“बोल,” सुईण म्हणाली.

“व्हय,” रौहिया मोठ्यानं म्हणाली. “त्या दिशी वांगी म्याच आणली व्हती. ध्यानात राहिलं न्हाई. सोड आता, बाई, आन् पाज तुझ्या लेकराला.”

बायांमध्ये कुजबुज उठली. तफीदाच्या हातातली जपमाळ थांबली. रौहिया खोटं बोलत होती. एक सून खोटं बोलली, ते तिला कळलं होतं. आता दुसरीही खोटं बोलत होती, आणि तेही पहिलीच्या बाजूनं. दोघींनी मिळून काही शिजवलं की काय? घरात दोन जावा भांडतात तोपर्यंत सासूला झोप लागते. त्या एक झाल्या की सासूनं उशाशी काठी ठेवावी.

इन्शिराह बाहेर आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं टोपली ओलांडली, पुन्हा ओलांडली, आणि वर मान करून रौहियाकडं बघणं काही तिला जमलं नाही.

पुढचे तीन-चार दिवस घरानं श्वास धरला. दूध आलं नाही. थोडं होतं ते तेवढंच राहिलं. सुईणीनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, अल्लाची मर्जी, डबा चालू द्या. शहात डब्यावर राहिला, आईच्या मांडीवर राहिला, आणि त्याच्या मानेला हळूहळू घडी पडायला लागली.

तफीदानं रौहियाला कालव्याच्या काठी गाठलं. ती चाऱ्याचा भारा बांधत होती.

“खरं सांग,” म्हातारी म्हणाली. “टोपलीत मुळं व्हतं. मला ठावं हाय. मग नको त्या गोष्टीला व्हय का म्हणालीस? तिनं काय दिलं तुला?”

“ती काय देणार?” रौहिया हसली, पण हसणं नीट उमटलं नाही. “अम्मा, तुम्ही म्हणालात, शहात माझ्या अंगावर. तवा माझा पान्हा फुटला. उभ्या उभ्या. झगा भिजला. पोरगं तिकडं रडलं आन् हिकडं माझं दूध वाहिलं.”

“मग पाजायचं व्हतंस.”

“पाजलं असतं. आन् मग परत दिलं नसतं.” तिनं दोरीला गाठ मारली, दातांनी आवळली. “मला मी ठावी हाय, अम्मा. म्हैनाभर तोंडाला लावलं असतं, तर ती माहेराहून आल्यावर म्या दाराला कडी घातली असती. आधी राग आला तिचा. लई आला. मग म्हणलं, पोरगी दुसऱ्या कुणाला भ्येत न्हाई, मला भ्येती. आन् भ्येती ते बरोबरच हाय.”

“आन् डब्याचं वाईट बोलतीस रोज?”

“ते तर बोलणारच. आईच्या दुधाची सर त्या भुकटीला यायची न्हाई.” तिनं भारा डोक्यावर घेतला. “पण आईची सर मला तरी कुटं येती?”

तफीदा काठावरच बसून राहिली. पाणी गढूळ होतं, मंद वाहत होतं. तिला वाटलं, आता मिटलं. पण गावात बोललेला शब्द तंदुरातल्या राखेसारखा असतो. वर थंड, खाली निखारा.

त्या महिन्याच्या शेवटी सत्तूताची सून बाळंत झाली. रौहियानं पहाटे उठून भाकरीचं ताट सजवलं, वर तिळाचा हलवा ठेवला आणि शेजारी गेली. थोड्याच वेळात ती तशीच परत आली. ताटातली एक भाकरी हलली नव्हती.

“काय झालं?” तफीदानं विचारलं.

“सत्तूताखाला दारातच आडवी आली. म्हणाली, ताट ठिव भाईर, तू आत येऊ नगस. तुझा पाय काळा हाय. एवढंच न्हाई, माझ्या बहिणीच्या घरीबी ही बातमी गेलीया. ती पुढल्या म्हैन्यात बाळंत व्हतीया. तिची सासू म्हणती, थोरली बहीण घरात पाय ठिवणार न्हाई.”

इन्शिराह चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. ती उठली, दोन पावलं पुढं आली आणि थांबली. तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल, हे तिला ठाऊक होतं. तोंड उघडलं नाही तर काय राहील, हेही.

“तू बस,” तफीदा तिला म्हणाली. “तुझं पाणी उतू जातंय.”

तिनं काळी चादर घेतली, ताट स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि शेजारचं दार गाठलं. दारात पाच-सहा बाया होत्याच.

“सत्तूता,” ती बाहेरूनच म्हणाली, “माझ्या सुनंला अडवलंस म्हणं?”

“तिनंच कबूल केलं की सगळ्यांसमोर. माझ्या दारात काय राग काढतीस?”

“तिनं माझ्या धाकानं कबूल केलं. कच्चं मांस घिऊन खोलीत म्या गेले व्हते. बाळंतिणीचं बदक म्या कापलं, हातात परात घिऊन तशीच आत शिरले, पोराचं तोंड बघाय. घाई झाली व्हती. भाईर आल्यावर ध्यानात आलं. मग काय करणार? सासू म्हणून लाज वाटली. सुनंवर ढकललं. कुणाची सून सासूपुढं न्हाई म्हणती?”

हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. प्रत्येकीच्या डोक्यावर कधी ना कधी सासूनं काही ना काही ठेवलं होतं.

“तफीदा,” सत्तूता हळूहळू म्हणाली, “म्हंजी तू...”

“व्हय. म्या.”

“मग तू आत नगं येऊस.”

“म्या येतच न्हाई. हे ताट घे. रौहियानं केलंय.”

त्या गावात बाळाच्या सातवीची, म्हणजे सातव्या दिवसाच्या सोहळ्याची, गाणी तफीदाइतकी कुणाला येत नव्हती. चाळणीत बाळ ठेवून हलवताना, पितळी खलबत्ता कानाशी वाजवताना, ‘आईचं ऐक, बापाचं ऐकू नको’ असं मोठ्यानं म्हणायचं, ते तिनं म्हणावं. आता कुठल्याही घरची सातवी असो, तिनं खोलीबाहेर बसायचं. मरेपर्यंत. हे काही कुणी तिला सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

सत्तूताच्या नातवाची सातवी झाली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. तफीदा गल्लीत, मातीच्या भिंतीला पाठ लावून बसली. आत कुणीतरी गाणं सुरू केलं होतं, चुकत होतं. तिनं ओठ आवळून धरले. रौहिया आत गेली होती. कुणी अडवलं नाही. तिच्या थोरल्या दोन पोरी मूठभर फुटाणे आणि मिठाईसाठी दारात धक्काबुक्की करत होत्या.

इन्शिराह मागून आली. काखेत शहात, हातात बाटली. ती दाराशी थांबली, आत बघितलं, मग सासूकडं बघितलं. आत जायला तिला हात मोकळे हवे होते आणि पोर दुसऱ्या बाईच्या हाती द्यायला ती आजवर कधी राजी झाली नव्हती. न्हाणीघरात जाताना सुद्धा दाराशी टोपलीत ठेवून जायची.

“अम्मा,” ती म्हणाली, “ह्याला धरता? मी जरा आत जाऊन येते. भूक लागेल त्याला आता.”

आणि तिनं पोर म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. वर बाटली दिली. आणि मागं वळूनही न बघता आत गेली.

तफीदा थोडा वेळ बाटलीकडं बघत राहिली, कुणीतरी विंचू दिल्यासारखी. उजेडात धरून बघितली. हलवून बघितली. झाकण काढून हुंगली. मनगटावर थेंब टाकला, जिभेनं चाटला, आणि चेहरा वाकडा केला. शहात तिच्याकडं टक लावून बघत होता. मग त्यानं तोंड वासलं.

“थांब की जरा, भिकाऱ्या,” ती म्हणाली, आणि बाटलीचं बोंड त्याच्या ओठांत दिलं.

तो ओढायला लागला. मोठ्यानं, हावऱ्यासारखा.

गल्लीतून उम्म नईम चालली होती. ती थांबली. “काय ग तफीदा, तूसुद्धा डब्याचं पाजाय लागलीस?”

“दिसतंय न्हवं तुला?” तफीदा बाटलीवरची नजर न काढता म्हणाली. “मग इचारतीस कशाला? जरा बाजूला सर. किती उरलंय ते मला दिसंना झालंय.”